एका फोटॉनची नोंद कशी होते?

११ डिसेंबर २०२३ रोजी ‘सायकी’ हे नासाचं यान पृथ्वीपासून सुमारे ३.१ कोटी किलोमीटर दूर होतं. त्या दिवशी त्यानं लेझरच्या झोतातून पंधरा सेकंदांची एक चित्रफीत पाठवली. लेझरच्या ठिपक्यामागे धावणारं टेटर्स नावाचं मांजर तिच्यात होतं. झोत शंभरेक सेकंदांत कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत पोहोचला आणि सेकंदाला २६७ मेगाबिट या वेगानं चित्रफीत उतरवून घेतली गेली. बातम्या मांजराच्या झाल्या. काम मात्र तिथल्या हेल दुर्बिणीला जोडलेल्या, जेमतेम ०.३२ मिलिमीटर व्यासाच्या एका डिटेक्टरनं केलं होतं. हा डिटेक्टर अतिवाहक पदार्थाच्या अतिसूक्ष्म तारांचा बनलेला आहे. एखादा प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, त्याच्यावर पडला की तो तसं कळवतो, आणि कोणत्या क्षणी पडला हेही कळवतो. हे त्याला कसं जमतं, ते पायरीपायरीनं पाहू.

आधी ऊर्जेचा हिशेब करू. यानावरचा लेझर ४ वॅटचा, आणि तो ज्या दुर्बिणीतून बाहेर पडतो तिचं तोंड २२ सेंटिमीटरचं. झोत कितीही काटेकोर रोखला तरी प्रकाशाच्या तरंगरूपामुळे तो पसरतोच. ३.१ कोटी किलोमीटर कापून पृथ्वीवर येईपर्यंत त्याचा ठिपका दोनशेहून अधिक किलोमीटर रुंद होतो. हेल दुर्बिणीचा आरसा ५.१ मीटरचा. म्हणजे निघालेल्या प्रकाशाच्या साधारण दोनशे कोटी भागांपैकी एक भाग आरशाच्या वाट्याला येतो, सुमारे २ नॅनोवॅट. वातावरणात आणि भिंगा-आरशांत जे वाया जातं ते यातून आणखी वजा होतं. लेझरची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर आहे. या अवरक्त प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १२८ झेप्टोज्यूल असते. झेप्टोज्यूल म्हणजे किती? दशांशचिन्हानंतर वीस शून्यं लिहायची आणि मग १. तेवढा ज्यूलचा अंश.

या मापानं २ नॅनोवॅट म्हणजे सेकंदाला सुमारे १६०० कोटी फोटॉन. आकडा मोठा वाटतो, पण सेकंदाला २६.७ कोटी बिट त्यातूनच वाचायचे असतात आणि वाटेतला तोटा अजून धरलेला नाही. जून २०२४ मध्ये यान ३९ कोटी किलोमीटरवर गेलं, तेव्हा प्रकाश दीडशे पटींहून अधिक क्षीण झाला होता. तरीही सेकंदाला ६.२५ मेगाबिटचा प्रवाह टिकला. इतक्या तुटपुंज्या प्रकाशात संदेश त्याच्या तीव्रतेत भरता येत नाही, तो वेळेत भरावा लागतो. काळाचे ठरावीक कप्पे पाडायचे आणि प्रकाशाचा स्पंद कितव्या कप्प्यात आला, यावरून बिट ओळखायचे. म्हणून फोटॉन आला एवढं कळून भागत नाही. तो नेमका केव्हा आला, हे नॅनोसेकंदापेक्षा बारीक मापानं कळावं लागतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चिप इथे कामाची नाही. अणूंच्या पातळीवरची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मोजतात. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि या फोटॉनजवळ असतात फक्त ०.८. सिलिकॉन त्याला काचेसारखं पारदर्शक. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे अर्धवाहक डिटेक्टर तो टिपू शकतात, पण त्यांना एका मोकळ्या इलेक्ट्रॉनवर भरवसा ठेवावा लागतो. तो इलेक्ट्रॉन जोराच्या विद्युतक्षेत्रात पळवायचा, त्यानं आणखी मोकळे करायचे, असा लोंढा उठवायचा. या लोंढ्यातले काही इलेक्ट्रॉन पदार्थातल्या दोषांत अडकतात, मागाहून सुटतात आणि फोटॉन नसतानाच खोटी नोंद करतात. मूळ अडचण ही की एका फोटॉनमागे हाती येणारा इलेक्ट्रॉन एकच असतो.

अतिवाहक पदार्थात हे गणितच पालटतं. १९११ साली हॉलंडमधल्या लायडन इथे हाइक कामर्लिंग ऑनेस यांनी पारा सुमारे ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत, थंड केला आणि त्याचा विद्युत रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. असं का होतं, याचं समाधानकारक उत्तर १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी दिलं. पुरेशा थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात, त्यांना कूपर जोड्या म्हणतात. या साऱ्या जोड्या मिळून एकाच लयीत वाहतात, त्यामुळे अडथळ्यावर आपटून ऊर्जा गमावणं त्यांना संभवतच नाही. पण ही जुळणी फार नाजूक असते. एक जोडी मोडायला इलेक्ट्रॉन-व्होल्टचे काही हजारांश पुरतात. खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेची ऊर्जा कणामागे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पंचवीस हजारांशांच्या घरात असते, म्हणजे जोड्या टिकण्याची आशाच नाही. २ केल्विनला तीच उष्णता हजारांशाच्या पाचव्या हिश्शाहूनही खाली येते आणि जोड्या निवांत राहतात.

आता त्या थंडीत ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक फोटॉन येऊ द्या. जिथे सिलिकॉनमध्ये एकही इलेक्ट्रॉन हलला नसता, तिथे शंभराहून अधिक जोड्या मोडतात. विजेच्या तारा बनवणाऱ्याला अतिवाहकाची ही नाजूकता डोकेदुखी वाटेल. मोजणाऱ्याला मात्र तीच हवी असते, आणि या साऱ्या तंत्राची कल्पकता त्या नाजूकतेला कामाला लावण्यात आहे.

त्यासाठी काचेसारख्या गुळगुळीत सिलिकॉनच्या चकतीवर निओबियम नायट्राइड या अतिवाहकाचा ५ ते १० नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात. निर्वात पेटीत निओबियमच्या तबकडीवर आयनांचा मारा करायचा, उडालेले अणू नायट्रोजनशी संयोग पावत चकतीवर बसतात. थरावर इलेक्ट्रॉनच्या झोतानं नक्षी रेखाटतात आणि नको असलेला भाग कोरून काढतात. उरते साधारण १०० नॅनोमीटर रुंदीची एक सलग तार, नागमोडी वळणं घेत दहा-पंधरा मायक्रोमीटरचा चौकोन किंवा वर्तुळ भरून टाकणारी. ती सरळ केली तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरेल. एवढ्या लांबीत ती कुठेही चिमटलेली चालत नाही. एका जागी रुंदी थोडी कमी झाली, तर साऱ्या तारेची क्षमता त्या एका जागेवरून ठरते.

तार इतकी बारीक कशासाठी? पदार्थ थोडा असला की फोटॉनची ऊर्जा थोड्याच इलेक्ट्रॉनांत वाटली जाते आणि त्या ठिकाणचा बदल ठळक होतो. तार जाड किंवा रुंद असेल, तर मोडलेल्या शंभर जोड्यांच्या शेजारून लाखो शाबूत जोड्या आरामात प्रवाह वाहून नेतील आणि बाहेर कुणाला काही कळणार नाही.

तारेतून दहा-वीस मायक्रोअँपिअरचा प्रवाह सोडून ठेवतात. हा आकडा सहज निवडलेला नसतो. प्रत्येक अतिवाहक तारेला प्रवाहाची एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की अतिवाहकता कोसळते. डिटेक्टरमधला प्रवाह या मर्यादेच्या अगदी जवळ, पण खाली ठेवलेला असतो. रोध शून्य, म्हणून तारेच्या दोन टोकांत विभवांतरही शून्य. सगळं शांत.

फोटॉन पडतो आणि एका इलेक्ट्रॉनला आपली सारी ऊर्जा देतो. तो इलेक्ट्रॉन इतर इलेक्ट्रॉनांना आणि स्फटिकाच्या कंपनांना ती वाटत सुटतो, आणि काही पिकोसेकंदांत काही दशक नॅनोमीटरचा एक ठिपका तयार होतो, जिथे अतिवाहकता क्षीण झालेली असते. घाटात अर्ध्या रस्त्यावर दरड कोसळली की सगळी वाहनं उरलेल्या पट्ट्यात घुसतात, तसा प्रवाह ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना दाटतो. तिथे आधीच मर्यादेला टेकलेली प्रवाहाची घनता मर्यादा ओलांडते, आणि तारेच्या पूर्ण रुंदीत अतिवाहकता तुटते. या घडीला अतिवाहकातले सूक्ष्म चुंबकीय भोवरे तारेच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकतात आणि तुटण्याला हातभार लावतात, असंही अभ्यासातून पुढे आलं आहे. ठिपका आणि भोवरे यांच्यात कुणाचा वाटा किती, यावर भौतिकशास्त्रज्ञांची चर्चा अजून चालू आहे.

फोटॉनचं काम इथेच संपतं. पुढची ऊर्जा पुरवतो तो प्रवाह. रुंदीभर तुटलेल्या पट्ट्यात आता रोध आहे, रोधातून प्रवाह गेला की उष्णता, उष्णतेनं शेजारचा भागही तापतो, पट्टा लांबतो, रोध वाढतो. एका नॅनोसेकंदापेक्षा कमी वेळात तो काही हजार ओहमवर जातो. तारेला समांतर जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या वाटेत रोध असतो फक्त ५० ओहम. प्रवाह साहजिकच तिकडे वळतो. दहा मायक्रोअँपिअर गुणिले ५० ओहम म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट. एवढा स्पंद साध्या इलेक्ट्रॉनिक्सला व्यवस्थित वाढवता येतो आणि मोजता येतो. शंभर-सव्वाशे झेप्टोज्यूलनं फक्त खटका दाबला, स्पंदाची ऊर्जा तारेत आधीच भरून ठेवलेल्या प्रवाहातून आली.

आता तार पूर्वपदावर यायला हवी. प्रवाह दुसरीकडे गेल्यानं तापणं थांबतं, उष्णता खालच्या चकतीत झिरपते आणि अतिवाहकता परतते. प्रवाह मात्र लगेच परतत नाही. कूपर जोड्यांना वस्तुमान आहे, म्हणून जडत्वही आहे. अरुंद, लांब तारेत हे जडत्व चांगलंच जाणवतं आणि वेटोळ्याच्या प्रेरकत्वासारखं वागतं. त्यामुळे प्रवाह पुन्हा भरायला काही नॅनोसेकंदांपासून काही दशक नॅनोसेकंद लागतात. तेवढा वेळ तार जवळजवळ आंधळी असते.

हा वेळ कमी करावा असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि इथेच एक खोडा आहे. प्रवाह फार लवकर परतला तर तार अजून कोमटच असते. ती पुन्हा तापते, पुन्हा रोध उभा राहतो, आणि प्रवाह व उष्णता एकमेकांना धरून अशा अवस्थेत अडकतात की तार कायमची गरम राहते. मग प्रवाह बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे जे जडत्व डिटेक्टरला मंद करतं, तेच त्याला सावरतं. वेग हवा असेल तर सरळ उपाय म्हणजे तारा वाढवणं. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं ‘पीकॉक’ नावाचा डिटेक्टर बनवला आहे. त्यात निओबियम नायट्राइडच्या ३२ तारा शेजारी-शेजारी आहेत आणि तो सेकंदाला दीडशे कोटी फोटॉन मोजू शकतो. एक तार सावरत असताना बाकीच्या जाग्या असतात. पालोमारच्या डिटेक्टरमध्येही असेच ६४ भाग होते.

या कल्पनेची मुळं जुनी आहेत. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डोनाल्ड अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निओबियम नायट्राइडच्याच पट्टीवर अल्फा कण सोडले आणि विद्युत स्पंद उठतात हे दाखवलं. अल्फा कणाची ऊर्जा आपल्या फोटॉनच्या लाखो पट. तिथून एका फोटॉनपर्यंत उतरायला अर्धं शतक गेलं, कारण नॅनोमीटरच्या मापाच्या पट्ट्या कोरण्याचं तंत्रच नव्हतं. २००१ मध्ये मॉस्कोतले ग्रिगोरी गोल्ट्समन आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे रोमन सोबोलेव्स्की यांच्या गटांनी ५ नॅनोमीटर जाड आणि २०० नॅनोमीटर रुंद पट्टीनं एकेकटे फोटॉन टिपल्याचं प्रसिद्ध केलं.

एकच फोटॉन टिपला, हे त्यांनी सिद्ध कसं केलं? लेझरचा स्पंद गाळण्यांमधून इतका मंद करायचा की सरासरीनं एका स्पंदात एकाहून कमी फोटॉन उरावा. मग प्रकाश निम्मा करून पाहायचा. नोंदी निम्म्या झाल्या तर एका नोंदीला एक फोटॉन पुरतो. एका नोंदीला दोन फोटॉन लागत असते, तर नोंदी चतुर्थांशावर आल्या असत्या. या प्रयोगात नोंदी प्रकाशाच्या थेट प्रमाणात उतरल्या. त्यासाठी कुठलंही वेगळं यंत्र न लागता, निव्वळ मोजणीच्या तर्कानं दिलेला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

सुरुवातीचे डिटेक्टर तसे वाया घालवणारेच होते. पाच नॅनोमीटरच्या थरातून बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो. त्यावर उपाय म्हणून तारेखाली आरसा आणि मध्ये मोजून-मापून पारदर्शक थर ठेवले गेले. निसटलेला प्रकाश परावर्तित होऊन तारेच्या जागीच लाटेला लाट मिळवत पुन्हा येतो. दुसरी सुधारणा पदार्थाची. निओबियम नायट्राइड कणाकणांच्या स्फटिकांचं असतं. टंगस्टन सिलिसाइडला स्फटिकरचनाच नाही, त्यामुळे लांब तार सारखी निघते, आणि त्यातल्या जोड्या आणखी कमी ऊर्जेत मोडतात. त्याची किंमत अशी की निओबियम नायट्राइडला जिथे २ ते ४ केल्विन चालतं, तिथे याला १ केल्विनच्या आसपास नेल्याशिवाय ते पूर्ण ताकदीनं काम करत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या आणि जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी याच पदार्थानं ९३ टक्के कार्यक्षमता गाठली. २०२० मध्ये मॉलिब्डेनम सिलिसाइडनं ती ९८ टक्क्यांवर नेली. शंभर फोटॉन पाठवले तर ९८ मोजले जातात. वेळेच्या अचूकतेतही त्याच वर्षी ३ पिकोसेकंदांखालची मजल मारली गेली. तेवढ्या वेळात प्रकाश एक मिलिमीटरही पुढे सरकत नाही.

कार्यक्षमतेची सगळे वाहवा करतात. माझ्या मते त्याहून मोठं यश आहे ते गप्प राहण्याचं. इतक्या काठावर उभं केलेलं उपकरण ऊठसूट खोटी नोंद करेल, असंच कुणालाही वाटेल. खोट्या नोंदींचं एक मोठं कारण तारेबाहेर सापडलं. आपल्या खोलीतली प्रत्येक वस्तू, भिंतसुद्धा, उष्णतेमुळे अवरक्त फोटॉन फेकत असते आणि ते प्रकाशतंतूतून थेट थंड पेटीत उतरतात. थंड गाळण्या लावून, तंतूची वेटोळी करून ते अडवावे लागतात. पेटी पूर्ण बंद करून, बाहेरचा तंतू न जोडता केलेल्या प्रयोगांत खोट्या नोंदी दिवसाला सरासरी एकाहूनही कमी झाल्या आहेत. म्हणूनच कृष्णद्रव्याचे अतिहलके कण शोधण्यासाठी हेच डिटेक्टर अंधारात ठेवून पाहिले जात आहेत. तिथे कित्येक तासांत एखादीच नोंद होणार, आणि ती खरी असायला हवी.

या तारेची एक मर्यादाही सांगायला हवी. ती ‘आला’ एवढंच सांगते. किती ऊर्जेचा फोटॉन आला, एकदम दोन आले की एकच, हे साध्या तारेच्या स्पंदावरून नीट कळत नाही. ऊर्जा मोजायची तर वेगळा मार्ग आहे. अतिवाहकतेच्या उंबरठ्यावर अलगद धरलेला, शंभर मिलिकेल्विनच्या आसपासचा धातूचा तुकडा घ्यायचा, आणि फोटॉननं तो किती तापला हे त्याच्या बदलत्या रोधावरून वाचायचं. १९९५ मध्ये केंट अर्विन यांनी या तुकड्याला स्थिर विभवांतर देऊन तो आपोआप त्याच उंबरठ्यावर टिकेल अशी व्यवस्था सुचवली आणि हे उपकरण व्यवहारात आलं. त्याहूनही क्षीण असतात सूक्ष्मलहरी. ५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा आपल्या लेझर फोटॉनच्या जवळजवळ चाळीस हजारावा हिस्सा. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात मिक्को म्योट्योनेन यांच्या गटानं २०१६ मध्ये १.१ झेप्टोज्यूलचा सूक्ष्मलहरींचा स्पंद नॅनो आकाराच्या उष्णतामापकानं ओळखला, म्हणजे ८.४ गिगाहर्ट्झचे सुमारे दोनशे फोटॉन. पुढे याच जातीच्या उपकरणानं क्वांटम संगणकातल्या क्युबिटची अवस्थाही त्यांनी वाचली.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं निओबियम नायट्राइडच्या पातळ थरांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. थरातली अव्यवस्था वाढत गेली की अतिवाहकता कशी क्षीण होते, हा त्यातला प्रमुख प्रश्न. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यातलं संवेदन आणि मापन यांचं केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईत आहे.

पदार्थाचं ज्ञान आणि पैसा, दोन्ही आहेत. कमी आहेत ते हात. थर सारखा चढवणारे, शंभर नॅनोमीटरची तार न चिमटता कोरणारे, निर्वात पेटीतली गळती शोधून काढणारे, हीलियमची शीतयंत्रणा महिनोन्महिने चालती ठेवणारे, अर्ध्या मिलिव्होल्टचा स्पंद गोंगाटातून वेगळा काढणारे. हे शिक्षण पुस्तकातून पुरं होत नाही. भौतिकशास्त्राच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी पदवीच्या काळातच अशा एखाद्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करावा. तिथे पहिले काही आठवडे पंप, पाना आणि सोल्डरिंगमध्येच जातील. ते आनंदानं घालवा.